टाकीतला आवाज

लातूरच्या माणसाचे कान पाण्याच्या बाबतीत फार तिखट असतात. नळाला पाणी यायच्या आधी पाइपातून हवा सुटते ना, तो खर्रर्र आवाज आम्हाला गाढ झोपेतही ऐकू येतो. टँकरचा हॉर्न आणि साध्या ट्रकचा हॉर्न यातला फरक कळतो. गच्चीवरची टाकी भरून पाणी पन्हाळीतून खाली पडायला लागलं की शेजारचीही बाई ओरडते, "अहो बाई, मोटार बंद करा!" मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, तेव्हापासून सगळ्या गल्लीची मी "बाई"च आहे.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका आवाजानं माझी झोप उडवली. रात्री साडेबाराच्या सुमारास न्हाणीघराच्या बाजूनं फुस्स असा आवाज यायचा, अर्धा-पाऊण मिनिट चालायचा आणि बंद. मग शांत. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा फुस्स. ह्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते आरामात घोरत होते. मी घड्याळ बघत बसले. बारा दहा, बारा तीस, बारा पन्नास. बरोबर वीस मिनिटांनी. रात्रभर कुणी संडासात गेलेलं नव्हतं आणि फ्लशची टाकी मात्र आपली आपणच भरत होती.

आता यात एवढं लिहिण्यासारखं काय आहे, असं परगावच्या वाचकांना वाटेल. त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं. लातूर शहराचं पाणी येतं ते धनेगावच्या याच धरणातून. त्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्या आणि विहिरींभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी १४४ कलम लावलं होतं. पाण्यासाठी जमावबंदी! आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूर स्टेशनात आली. दहा डबे, प्रत्येकात पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर कृष्णेचं पाणी, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर प्रवास करून. ते डबे आधी राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन घेतले होते. पुढं पन्नास डब्यांची गाडी यायला लागली आणि पाऊस पडेपर्यंत ती येत राहिली. लोक तिला 'जलदूत' म्हणायचे.

त्या दिवसांत आमच्या गल्लीत आठवड्याला घरटी दोनशे लिटर पाणी मिळायचं. दोनशे लिटर म्हणजे एक ड्रम. त्यात आम्ही आंघोळीचं पाणी परातीत उभं राहून धरायचो आणि तेच संडासात टाकायचो. फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक तेव्हा पाच महिने बंदच होता. ज्यानं तो उन्हाळा काढलाय त्याला रात्री टाकी आपोआप भरण्याचा आवाज कसा ऐकू येतो, हे आता कळेल.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. आमच्या घराला वरचा मजला आहे आणि तिथं भाडेकरू राहतात. नवरा-बायको, दोन लहान मुलं. गच्चीवर हजार लिटरची एकच टाकी दोन्ही घरांना. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे हौदात साठवायचं आणि मोटार लावून वर चढवायचं. आधी एक टाकी दोन-अडीच दिवस पुरायची. ती दीड-पावणेदोन दिवसांत संपायला लागली. ह्यांनी निष्कर्ष काढला की वरचे पाणी सांडतात. "मुलं तासभर नळाखाली बसतात, मी बघितलंय." मी म्हटलं, बघितलंय का ऐकलंय? यावर उत्तर नाही. मग एकदा जिन्यात ह्यांनी वरच्या वहिनींना ऐकवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून मुलांचा खाली यायचा रस्ता बंद झाला. धाकटा संध्याकाळी माझ्याकडे पाढे म्हणायला यायचा, तोही येईना. महिन्याच्या शेवटी भाडं द्यायला आले तेव्हा ते सद्गृहस्थ दारातच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत, आणि जाताना दुसरं घर बघतोय असं म्हणाले.

त्यामुळे त्या रात्री फुस्स ऐकल्यावर मी सकाळची वाट बघितली.

मी बी.ए., तेही मराठी आणि इतिहास घेऊन. यंत्राशी माझा संबंध शिलाई मशीनपुरता. पण फ्लशची टाकी उघडून बघितली तर त्यात न कळण्यासारखं काही नसतं. एका बाजूला पाणी आत येण्याची सोय, मधोमध पाणी खाली सोडण्याची सोय, आणि जास्त झालेलं पाणी जायला एक पोकळ नळी. एवढंच. आत येणारं पाणी बॉलकॉक अडवतो. त्याला काडीच्या टोकाला प्लास्टिकचा फुगा असतो. पाणी वर आलं की फुगा वर येतो, काडी तोंड दाबते आणि पाणी बंद. खाली सोडण्याच्या जागी झडप असते आणि तिच्या बुडाशी रबराचा गोल वायसर. बटण दाबलं की झडप उचलली जाते, पाणी गेलं की पुन्हा बसते. टाकी सारखी वाहते तेव्हा या दोनांपैकी एक नीट काम करत नसतं. एक तर वरून येणारं पाणी थांबत नाही आणि जास्तीचं नळीतून भांड्यात जातं, किंवा बुडाचा वायसर नीट बसत नाही आणि खालून झिरपत राहतं. दोन्हींचे आवाजही वेगळे. पहिल्यात बारीक सूं असा आवाज अखंड येतो. दुसऱ्यात आमच्यासारखं, थोडा वेळ फुस्स आणि मग गप्प, कारण झिरपून पातळी दोन बोटं उतरल्यावरच फुगा तोंड उघडतो.

खात्री करायची युक्ती फार सोपी आहे. कपड्यांची नीळ घ्यायची, टाकीत चार-पाच थेंब टाकायचे आणि अर्धा तास कुणाला बटण दाबू द्यायचं नाही. भांड्यातल्या पाण्यात निळा रंग उतरला तर पाणी टाकीतून भांड्यात झिरपतंय. नीळ नसेल तर जिलेबीचा रंगही चालतो, पण मग भांडं बघून पोटात कालवतं, म्हणून निळीच बरी. मात्र आधी झाकण काढून पाण्याची पातळी बघावी. पाणी त्या पोकळ नळीच्या तोंडाशी आलेलं असेल तर दोष वरचा, म्हणजे बॉलकॉकचा. पाणी तोंडाच्या चांगलं खाली असेल आणि तरी रंग उतरला तर दोष बुडाचा. आमची पातळी तीन बोटं खाली होती. वीस मिनिटांत भांडं निळं झालं.

वरच्या वहिनींकडेही नीळ घेऊन गेले. त्यांना आधी वाटलं मी झडती घ्यायला आले. मी सांगितलं, आमची टाकी नापास झालीय, आता तुमची परीक्षा. तासभर थांबलो, चहा झाला, पाणी स्वच्छच्या स्वच्छ.

शिक्षकाची खोड जात नाही, म्हणून पुढचा हिशेबही केला. अँगल कॉक बंद केला, टाकीच्या आत पेन्सिलीनं पाण्याच्या पातळीची रेघ ओढली आणि दहा मिनिटं थांबले. पातळी एक सेंटिमीटर उतरली. (पातळी मुळीच उतरली नसती, तर बुडाचा वायसर निर्दोष ठरला असता.) टाकी आतून पस्तीस सेंटिमीटर लांब आणि पंधरा रुंद. पस्तीस गुणिले पंधरा म्हणजे ५२५ घनसेंटिमीटर, अर्ध्या लिटरपेक्षा किंचित जास्त. दहा मिनिटांना एवढं, तर तासाला सव्वातीन लिटरच्या आत-बाहेर आणि दिवसाला पंचाहत्तर लिटर. आठ दिवसांचे सहाशे! हा आकडा वहीत लिहिल्यावर मी थोडा वेळ नुसती बघत राहिले. २०१६ साली आठवडाभर आमच्या आख्ख्या घराला जे मिळायचं, ते तीन दिवसांच्या आत या रबराच्या चकतीखालून निघून जात होतं. अशी साडेसहा हजार घरं एका शहरात असली तर मिरजेहून आलेली ती पहिली गाडी ती एका दिवसात गिळतील. आणि असतात हो, साडेसहा हजार सहज असतात, कारण या गळतीला ना ओल येते ना डबकं साचतं. भांड्याच्या मागच्या बाजूनं केसाएवढी धार उतरते आणि निघून जाते.

वर्षभर पुरेल एवढं बोलणं वाचवून मी ती वही ह्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दोनदा गुणाकार तपासला. नंतर शर्ट बदलून वर गेले. काय बोलले ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. परत यायला अर्धा तास लागला आणि येताना धाकट्याचं बोट धरून आले.

वायसर का बिघडतो, हे आमच्याकडच्या पाण्याला विचारावं. बोअरचं पाणी जड. तवा, बादली, नळाची तोटी, सगळ्यावर पांढरा थर चढतो, तोच वायसरवर आणि त्याच्या बैठकीवर चढतो. वाळूच्या एका कणाएवढी फट राहिली तरी पुरे. त्यातून टँकरचं पाणी आलं की गाळ. गच्चीवरची टाकी धुतली की पुढच्या दोन दिवसांत बॉलकॉकच्या तोंडात कचरा अडकलाच समजा. म्हणून आधी वायसर बदलायच्या मागे लागू नये, साफ करावा. अँगल कॉक बंद करायचा, बटण दाबून टाकी रिकामी करायची. बऱ्याच टाक्यांत ती मधली झडप हातानं पाव वळसा फिरवली की सबंध वर निघते. वायसर काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवायचा, बोटानं चोळायचा, बैठकही जुन्या टूथब्रशनं घासायची. संडास धुवायचं ॲसिड मात्र टाकीत घालू नका, रबराचा जीव जातो. वायसर कडक झालेला असेल, दाबला तरी लवत नसेल, तर नवा आणावा. जुना पिशवीत घालून दुकानात न्यायचा, कारण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं आणि दुकानदार "बसतो बसतो" म्हणून काहीही देतो.

बॉलकॉकचा दोष असेल तर आणखी एक प्रयोग. फुगा हातानं वर उचलून धरा. पाणी थांबलं तर बॉलकॉक ठीक आहे, फक्त फुगा खाली आणायला हवा. काडीवर स्क्रू असतो किंवा पितळी काडी असेल तर ती किंचित वाकवतात. उचलूनही पाणी थांबलं नाही तर तोंडातला वायसर गेला किंवा कचरा अडकला. फुगा हलवून बघावा. आत पाणी खळखळलं तर तो फुटलाय, तो बदलायचाच.

जुन्या लोखंडी टाक्या आठवतात का? भिंतीवर उंच, साखळी ओढायची. सरकारी क्वार्टरांत आणि रेल्वे स्टेशनात असायच्या. त्यांचं तत्त्व वेगळं होतं. ड्रममधून रॉकेल काढताना रबरी नळी तोंडानं ओढून खाली सोडतात, आणि एकदा धार लागली की ती आपोआप चढ चढून पलीकडे उतरते, तसं. त्याला सायफन म्हणतात. त्यात बुडाला उघडझाप करणारी झडपच नसते, म्हणून खालून झिरपायला जागा नाही. इंग्लंडात याच कारणासाठी कित्येक वर्षं कायद्यानं सायफनच लावावा लागायचा. झडपेच्या टाक्यांना तिथं परवानगी मिळाली ती २००१ पासून. आता आपल्याकडे दोन बटणांच्या टाक्या आल्या आहेत, छोटं बटण तीन लिटरचं, मोठं सहाचं. पाणी वाचतं हे खरं, जुन्या टाकीला एका वेळेस दहा-बारा लिटर लागायचं. पण वायसर झिरपायला लागला की सगळी बचत रात्रीतून जाते. राष्ट्रीय इमारत संहितेत माणशी रोज ४५ लिटर पाणी फ्लशसाठी धरलं आहे. आम्ही दोघंच, म्हणजे नव्वद. आमची गळतीच पंचाहत्तर लिटर होती!

आणि ज्यांच्या अंगणात सेप्टिक टँक आहे त्यांच्यासाठी एक जास्तीची गोष्ट. हे पाणी तिथंच जातं. आतला मैला खाली बसायला पाणी काही काळ निवांत राहावं लागतं. वरून रात्रंदिवस धार चालू असली की गढूळ पाणीच पुढं ढकललं जातं आणि शोषखड्डा लवकर भरतो.

मग प्लंबरला बोलवायचं कधी? आमचं काम मी साफसफाईवर भागवलं असतं, पण अँगल कॉक. सहा-आठ महिने न फिरवलेला अँगल कॉक क्षारानं धरतो. आमचा त्या दिवशी कसाबसा बंद झाला आणि परत उघडेना. ह्यांनी पाना आणला. मी पाना काढून घेतला. शेजारी असाच जोर लावल्यावर कॉक भिंतीतल्या आट्यांपासून तुटला होता आणि गच्चीवरची भरलेली टाकी न्हाणीघरात उतरली होती. टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह कुठं आहे हेच त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे का, आज जाऊन बघून या, हात लावून फिरतो का तेही बघा. न फिरणाऱ्या कॉकला जोर लावायचा नाही, हे प्लंबरचं काम.

भांड्याच्या बुडाशी फरशीवर पाणी दिसलं तरी त्यालाच बोलवावं, ते टाकीचं दुखणं नव्हे, आणि ते पाणी स्वच्छही नसतं. टाकीला तडा असेल तर पांढरा सिमेंट फासून काही होत नाही. पातळी खाली उतरून नेमक्या एका रेघेशी थांबत असेल तर त्या रेघेत तडा शोधावा. वायसर साफ केला, नवा घातला, बैठकही घासली आणि तरी नीळ उतरतेच, अशा वेळीही पुढचे प्रयोग थांबवावेत. बैठक वाकडी झालेली असते.

आमच्याकडे आलेला मुलगा पंचविशीचा होता. आल्या आल्या ह्यांना विचारायला लागला, "काका, काय झालंय?" ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी वही दाखवली. त्यानं ती वाचली, निळा डाग बघितला, म्हणाला, "बाई, हे सगळं करून ठेवल्यावर मी काय करू आता?" म्हटलं, कॉक बदल. त्यानं पंधरा मिनिटांत बदलला आणि वायसर पुन्हा एकदा बोटानं चाचपून "अजून दोन वर्षं चालतोय" असा निकाल दिला. बहुतेक जण येतात आणि सांगतात की सगळा सेट बदलावा लागेल. खर्च चार-पाचशेच्या पुढं, आणि बिघाड असतो तीस रुपयांचा. त्यांचंही सगळं खोटं नसतं. वायसर घालून गेला आणि चार दिवसांत पुन्हा गळायला लागलं तर शिव्या त्यालाच बसतात, फुकटची फेरीही त्याचीच. पण बिघाड कुठला आहे हे आपल्याला माहीत असलं की बोलणं सरळ होतं.

टाकी आता पूर्वीसारखी पुरते आहे. वरच्यांनी दुसरं घर बघायचं सोडलं की नाही ते मला नक्की कळलेलं नाही. एप्रिलचं भाडं द्यायला आले तेव्हा खुर्चीवर बसले एवढं खरं.

नांदेडला लेकीच्या फ्लॅटमध्ये मात्र माझी नीळ जेमतेमच उपयोगाला आली. तिथं पाणी विष्णुपुरीचं, नळ आमच्यापेक्षा बरा, त्यामुळे आवाजाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. टाकी भिंतीच्या आत गाडलेली, बाहेर नुसती दोन बटणांची पट्टी. झाकण उघडायची सोयच दिसेना. बटण दाबून रंग भांड्यात घालायचा तर अर्थ नाही. शेवटी कोरडा टिश्यू भांड्याच्या मागच्या आतल्या भिंतीला चिकटवला, दहा मिनिटांत वरून खालपर्यंत भिजला. जावईबापूंनी फरशी फोडायची तयारी केली, कोपऱ्यात वीस टाइल्स जपून ठेवलेल्या होत्या त्या मोजून घेतल्या, टाइल्सवाल्याला रविवारी बोलावलं. मी म्हटलं, आधी प्लंबर, नंतर हातोडा. प्लंबर आला, त्यानं बटणांची पट्टी खालून वर ढकलून अलगद काढली. आत वहीच्या पानाएवढी खिडकी. त्यातूनच बंद करायचा छोटा कॉक, त्यातूनच बॉलकॉक, त्यातूनच झडप, सगळं त्या खिडकीतून बाहेर येईल असंच बनवलेलं. त्यानं मोबाइलचा दिवा दातात धरला, मनगटापर्यंत हात आत घातला आणि चाचपत झडप दोन तुकड्यांत बाहेर काढली. वायसरवर लातूरसारखाच पांढरा थर. लेक लिंबूसत्त्व आणायला स्वयंपाकघरात गेली आणि जावईबापू गॅलरीत जाऊन टाइल्सवाल्याला फोन करून रविवारी येऊ नको म्हणून सांगत होते.